पोर्टल सुरू झालं, रजिस्टर बंद झालं का?

आधार कार्ड आणि कोविडच्या लसीचं प्रमाणपत्र या दोन गोष्टी आज देशातल्या बहुतेक प्रौढांच्या खिशात नाहीतर मोबाइलमध्ये आहेत. दोन्हींच्या उभारणीत एकच सनदी अधिकारी मोक्याच्या जागी होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव राम सेवक शर्मा. आयआयटी कानपूरमध्ये गणित शिकलेले, १९७८च्या तुकडीचे आयएएस, केडर आधी बिहार आणि राज्य वेगळं झाल्यावर झारखंड. १९८०च्या दशकात, सरकारी कचेरीत संगणक ही अपूर्वाईची वस्तू होती तेव्हा, बेगुसरायचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून चोरीला गेलेल्या बंदुकांच्या नोंदी संगणकावर घेतल्या. नोकरीत वीसएक वर्षं काढल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात, रिव्हरसाइडला, कॉम्प्युटर सायन्स शिकून आले. २००९ मध्ये आधार प्राधिकरणाचे पहिले महासंचालक, पुढे झारखंडचे मुख्य सचिव, केंद्रात माहिती-तंत्रज्ञान खात्याचे सचिव, २०१५ ते २०२० दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे अध्यक्ष, आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी. कोविडच्या लसीकरणाचं पोर्टल ‘कोविन’, त्याची धुरा याच काळात त्यांच्याकडे होती.

सरकारी नोकरीतली अशी वाटचाल मला मोलाची वाटते. आपल्याकडे तंत्रज्ञानाचे बहुतेक निर्णय असे अधिकारी घेतात, ज्यांना समोरचा कंत्राटदार काय विकतोय हे पारखण्याची सवड नसते आणि कधी कुवतही नसते. शर्मांना ते कळत होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘ट्राय’ने ठराविक संकेतस्थळं फुकट आणि बाकीची पैसे मोजून, अशा भेदभावाच्या इंटरनेट दरांवर बंदी घातली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळे भारतात बारगळली. जाहिरातींचा प्रचंड मारा सुरू असताना असा निर्णय घ्यायला तांत्रिक जाण आणि सार्वजनिक हिताची चाड दोन्ही लागतात.

तरीही, किंवा म्हणूनच, त्यांच्यासारख्यांच्या कारकिर्दीकडे बघण्याची आपली रीत मला खटकते. कोणती योजना कधी सुरू केली, किती कोटी नोंदण्या झाल्या, किती देशांनी कौतुक केलं, एवढ्यावर आपण थांबतो. आरोग्यातल्या तंत्रज्ञानाला ही मोजपट्टी अपुरी आहे. तिथे विचारायचा प्रश्न असा की नवं पोर्टल आल्यावर उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या टेबलावरचं एखादं रजिस्टर कमी झालं का, आणि पोर्टल आणणारा अधिकारी बदलून गेल्यावर पाच वर्षांनीही ते तिच्या उपयोगी पडतंय का. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या अधिकाऱ्याची कारकीर्द मोठी. मग त्याचं नाव कुणाला माहीत नसलं तरी चालेल.

कोविनपासूनच पाहू. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटींच्या आसपास डोस दिले गेले, २१ ऑक्टोबरला १०० कोटींचा टप्पा आला आणि १७ जुलै २०२२ला २०० कोटींचा. पहिला डोस पुण्यात आणि दुसरा पाटण्यात घेतला तरी नोंद एकाच माणसाच्या नावावर जुळत होती. क्यूआर कोडचं प्रमाणपत्र हातात पडत होतं. इतक्या घाईत, इतक्या मोठ्या देशात ही व्यवस्था कोलमडली नाही, याचं श्रेय ती बांधणाऱ्यांना दिलंच पाहिजे. त्यामागे आधीची पुण्याईही होती. लसींचा साठा आणि शीतसाखळीतलं तापमान मोबाइलवरून कळवणारी ‘ईविन’ ही व्यवस्था २०१५ पासून उभी राहत होती. गावोगावच्या शीतसाखळी केंद्रांवर फ्रीजची नोंद ठेवणारी माणसं ती आधीपासून वापरत होती. कोविन त्या पायावर उभं राहिलं. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पायाभरणी करणाऱ्यांची नावं कोविनच्या कौतुकात कुठेच आली नाहीत.

आता त्याच वर्षीचा मे-जून आठवा. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय नाही. २८ एप्रिलला नोंदणी उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नावं घातली. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आणि मोकळा वेळ होता त्याला जागा मिळाली. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी गाड्या काढून ग्रामीण केंद्रांवर पोचली आणि ज्या गावात केंद्र होतं तिथली माणसं बाजूला उभी राहून बघत बसली. पोर्टल तोवर इंग्रजीतच होतं, मराठीसह इतर भाषा आल्या त्या जूनमध्ये. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं की ज्यांच्याकडे साधनं नाहीत त्यांनी लस घ्यायची कशी. त्याआधी आठवडाभर सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा देणं सुरू झालं होतं, २१ जूनपासून ती सरसकट झाली.

त्याच जूनच्या मध्यावर केंद्र सरकारने आकडे जाहीर केले: तोवर दिलेल्या जवळपास २५ कोटी डोसपैकी सुमारे ८० टक्के डोस लोकांनी थेट केंद्रावर जाऊन घेतले होते. सरकारने ते ‘नोंदणीची अडचण नाही’ हे पटवायला दिले होते. मला त्यातून वेगळंच दिसतं. दहापैकी आठ वेळा पोर्टलवर नाव घालणारी बोटं केंद्रावरच्या कर्मचाऱ्याची होती आणि त्या माणसाला घरातून केंद्रापर्यंत आणणारे पाय बहुधा आशाताईचे होते. कोविन सामान्य माणसाने चालवलं नाही, ते आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्याच्यासाठी चालवलं. आणि त्याच महिन्यात, १५ जूनपासून, महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या होत्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. तो त्यांना शोभणाराच होता. आरोग्यातल्या नव्या तंत्राचं नेतृत्व कोण करतं याची यादी आपण करतो तेव्हा या बायकांची आठवण झाली पाहिजे.

आता एका लसीकरण सत्राकडे जवळून बघा. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत आरोग्यसेविका व्हॅक्सिन कॅरियर घेऊन बसलेली असते. आत गोठवून मग थोडे वितळू दिलेले आईस पॅक, मधे कुप्या. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. म्हणून मुलं जमेपर्यंत ती फोडायची की थांबायचं, हा निर्णय तिचाच. समोर बाळ रडतंय, मागे पाच आया उभ्या. सुई टोचून झाल्यावर तिने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात, प्रशिक्षणात त्या घोटून घेतलेल्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना बरोबर आणायचं. वर अर्धा तास थांबवून बाळावर नजर ठेवायची.

त्याच वेळी तिच्या हातात लिहिण्याचं काम किती असतं ते मोजा. माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख, त्याच कार्डाच्या स्थळप्रतीवर तीच तारीख, सत्राच्या टॅली शीटवर रेघ, आरसीएच म्हणजे माता-बाल आरोग्याच्या रजिस्टरमध्ये त्या बाळाच्या ओळीत नोंद, पुढच्या सत्राला कोणी यायचं त्याची ड्यू लिस्ट. ही झाली कागदाची बाजू. आता ‘यू-विन’ आलं, म्हणजे कोविनच्याच धर्तीवर नेहमीच्या लसीकरणाची ऑनलाइन नोंद. जानेवारी २०२३ मध्ये प्रत्येक राज्यातल्या दोन जिल्ह्यांत ते आधी सुरू झालं. कल्पना चांगली आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचं बाळ दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी त्याची राहिलेली लस तिथल्या सेविकेला दिसावी, यासाठी यापेक्षा चांगला मार्ग नाही. पण ज्या दिवशी पोर्टल सुरू झालं त्या दिवशी कागदाची कोणती नोंद बंद झाली, हे त्याच आदेशात लिहिलेलं नसेल, तर पोर्टल म्हणजे तिच्यासाठी सहावी नोंद. ‘सर्व्हर डाउन’ असेल तर घरी जाऊन, जेवणं उरकल्यावर रात्री करायची नोंद.

आणि या नोंदीला लागणारा वेळ कुठून येतो? तो त्या चार गोष्टी सांगण्याच्या वेळातून येतो. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर बाळाला ताप येतो. ताप येणार, घाबरू नका, ही गोळी द्या, असं नीट सांगितलेलं नसेल तर दीड महिन्याच्या डोसनंतर आई अडीच महिन्याच्या डोसला फिरकत नाही. घरातली सासू म्हणते, मागच्या वेळी पोर दोन रात्री रडलं, आता नको. पडद्यावर तेवढं दिसतं की लाभार्थी ‘ड्रॉपआउट’ झाला. तालुक्याच्या आढावा बैठकीत त्या गावाचा रकाना लाल होतो आणि सेविकेला जाब विचारला जातो. त्या लाल रकान्याचं एक कारण खुद्द त्या नोंदीत अडकलेला वेळ असू शकतो, ही शक्यता बैठकीत कुणी मांडत नाही, कारण पोर्टलमध्ये तिच्या वेळेसाठी रकाना नाही.

एकट्या लसीकरणाची ही कथा. गरोदर मातांसाठी आरसीएच पोर्टल, मासिक अहवालासाठी एचएमआयएस, क्षयरोगासाठी निक्षय, मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासणीसाठी एनसीडी ॲप, साथरोगांसाठी आयएचआयपी, शिवाय गावातल्या लोकांचे ‘आभा’ म्हणजे आरोग्य नोंदींसाठीचे ओळख क्रमांक काढायचं टार्गेट. यातलं प्रत्येक पोर्टल दिल्लीत कुणा ना कुणा अधिकाऱ्याच्या कारकिर्दीतलं मानाचं पान आहे. प्रत्येकाची स्वतंत्र गरज पटण्यासारखी आहे. पण ही सगळी पानं एकाच बाईच्या टेबलावर येऊन पडतात, आणि ती एकत्र कशी दिसतात हे बघणं कुणाच्याच जबाबदारीत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते यामुळेच. मेमरी अपुरी, हँडसेट तापणारे, अंगणवाडीच्या नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. त्या आंदोलनाची टिंगल झाली, ‘यांना तंत्रज्ञान नको’ असंही बोललं गेलं. त्यांना तंत्रज्ञान हवं होतं, चालणारं आणि आपल्या भाषेतलं.

इथे शर्मांच्या वाटचालीतली एक गोष्ट उपयोगी पडते. त्यांच्यासारखे अधिकारी आरोग्यात आले ते ओळखपत्राच्या प्रकल्पातून. ओळखीचं काम एकदाचं असतं: माणूस आला, बोटांचे ठसे दिले, क्रमांक मिळाला, प्रश्न मिटला. यश मोजायचं तर क्रमांक मोजले की झालं. २९ सप्टेंबर २०१०ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. पुढच्या दहा वर्षांत शंभर कोटींच्या वर माणसांना क्रमांक मिळाले. आरोग्य मात्र एकदा देऊन मोकळं होता येत नाही. रक्तदाबाची गोळी रोज लागते, गरोदरपणात तपासणी पुन्हा पुन्हा लागते, क्षयाचं औषध सहा महिने न चुकता लागतं. क्रमांक हा तिथे सुरुवातीचा बिंदू. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं, त्यातले आभा क्रमांक ७० कोटींच्या पुढे गेले. पण किती डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी रुग्णाची जुनी नोंद उघडून पाहिली, हा खरा आकडा. क्रमांक काढणं सोपं म्हणून टार्गेट क्रमांकाचं लागतं. आभासाठी आधारचा ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो बहुधा नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर, आणि समोर बसलेली बाई पुन्हा उद्या बोलावलेली. तिच्या आजाराशी याचा काही संबंध नाही.

मिशनमधलं सगळंच असं नाही, हेही नोंदवलं पाहिजे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या रांगेऐवजी क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करायची सोय २०२२ मध्ये दिल्लीतून सुरू झाली. आजारी माणूस उभा राहतो त्या रांगेतून त्याची सुटका करणारी ही गोष्ट आहे, आणि ती साधी आहे. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेणाऱ्यांची संख्या कोट्यवधींत गेली, त्यामागेही खरी गरज आहे. तंत्रज्ञान कुठे उपयोगी पडतं हे या उदाहरणांतून कळतं: जिथे कुणाचा तरी वेळ किंवा खेप वाचते तिथे.

नंदुरबारचा विषय निघालाच आहे तर तिथल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याबद्दल सांगितलंच पाहिजे. डॉ. राजेंद्र भारूड हे मूळचे धुळे जिल्ह्यातले, भिल्ल समाजातले, मुंबईत एमबीबीएस होऊन आयएएस झालेले. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना, पहिली लाट ओसरू लागली होती त्या सप्टेंबर २०२० मध्ये, त्यांनी जिल्ह्यात पहिला ऑक्सिजन प्रकल्प उभा केला. या प्रकल्पाचं तंत्र नवं नाही. हवा दाबून झिओलाइटच्या थरातून सोडली की नायट्रोजन तिथे अडकतो आणि पुढे ऑक्सिजन जातो, पाइपमधून थेट खाटेपर्यंत. टँकरची वाट बघावी लागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांतली रुग्णालयं सिलिंडरसाठी धावत होती तेव्हा हा दुर्गम, आदिवासी जिल्हा स्वतःच्या ऑक्सिजनवर उभा होता आणि शेजारच्या राज्यांतले रुग्णही तिथे येत होते. सातपुड्याच्या पाड्यांत रेंज नाही, नर्मदेच्या काठच्या वस्त्यांवर होडीशिवाय जाता येत नाही, तिथे लसही बोटीतूनच गेली. डॉक्टर असलेल्या माणसाने आकडे बघून पुढची लाट येणार हे ओळखलं आणि लोक निर्धास्त असताना पैसे खर्च केले. आरोग्यातलं नवं तंत्र म्हणजे काय असतं याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं मराठी उदाहरण आहे. २०२१ मध्येच त्यांची बदली झाली.

बदलीत वावगं काही नाही, नोकरीचा तो भागच आहे. प्रश्न असा की माणूस गेला की मागे काय उरतं. यंत्राचा वार्षिक देखभाल करार कुणाच्या सहीने होतो? झिओलाइट बदलायची वेळ आली की कुठल्या लेखाशीर्षातून? कोविडनंतर देशभर असे शेकडो प्रकल्प बसवले गेले. त्यांची उद्घाटनं झाली, पाट्या लागल्या. देखभालीच्या निधीची पाटी कुणी लावत नाही, आणि अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात तिला गुणही मिळत नाहीत.

महाराष्ट्राने तर आरोग्याच्या बाबतीत बदलीची कमाल केलेली आहे. २०२२ मध्ये तुकाराम मुंढे यांना आरोग्य सेवा आयुक्त नेमलं आणि दोन महिन्यांत हलवलं. त्यांच्या पद्धतीबद्दल मतं काहीही असोत, साठ दिवसांत आरोग्य खात्याचं कोणतंही काम ना सुधारतं ना बिघडतं. राज्यात २००५चा बदल्यांचा कायदा आहे, त्यात सर्वसाधारण तीन वर्षांची मुदत लिहिलेली आहे. सनदी अधिकाऱ्यांना किमान मुदत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ला सांगितलं, त्यानंतर केंद्राने नियमांत दोन वर्षं घातली. कागदावर सगळं आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीवरही शर्मांनंतर एकामागून एक अधिकारी येत-जात राहिले. अख्ख्या देशाच्या आरोग्य नोंदींची रचना ज्याने ठरवायची, त्याला ती रचना समजेपर्यंत निरोप समारंभ होतो.

याचा धोका केवळ कामाच्या गतीला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि देशातलं एवढं मोठं रुग्णालय जवळपास दोन आठवडे हाताने केसपेपर लिहीत होतं. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून लस घेतलेल्यांचे तपशील मिळत असल्याच्या बातम्या आल्या. कोविन सुरक्षित असल्याचं सरकारने सांगितलं, पुढे तपास झाला, अटकाही झाल्या. तोवर शर्मा प्राधिकरणातून बाहेर पडले होते. यात त्यांना दोष द्यायचा नाही. पण नागरिकाच्या एचआयव्ही तपासणीची, गर्भपाताची, मानसिक आजाराची नोंद ज्या यंत्रणेत जाणार, त्या यंत्रणेची दहा वर्षांची जबाबदारी घेणारा एखादा माणूस नको का? फुटलेली माहिती पासवर्डासारखी बदलता येत नाही. शर्मांनी २०१८ मध्ये आपला आधार क्रमांक ट्विटरवर टाकून ‘काय नुकसान करून दाखवता ते दाखवा’ असं आव्हान दिलं होतं. आपल्या व्यवस्थेवर इतका विश्वास असणं मी समजू शकतो. पण निवृत्त होताना पेन्शन आणि प्रतिष्ठा असलेल्या अधिकाऱ्याला क्रमांक उघड झाल्याने जे सोसावं लागतं आणि आजार उघड झाल्याने गावातल्या एका सुनेला जे सोसावं लागतं, त्यात अंतर आहे. आरोग्यात तिच्या बाजूने विचार करावा लागतो.

हे सगळं टिकाऊ पद्धतीने करता येतं का? येतं, आणि आपल्याच देशातल्या एका राज्यात तीस वर्षं चालू आहे. १९९४ मध्ये तामिळनाडूने औषधखरेदीसाठी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केलं. आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याचं नाव त्या घडणीशी जोडलेलं आहे. रचना अशी: प्रत्येक रुग्णालयाला आणि आरोग्य केंद्राला वर्षाच्या औषधांच्या हक्काची रक्कम लिहिलेलं पासबुक. जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचललं की तेवढी रक्कम त्यातून वजा. गोदामांतला साठा संगणकावर, साठा ठरलेल्या पातळीखाली आला की खरेदीचा आदेश. आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना आधी प्रयोगशाळेत, पास झाला तरच गोळी रुग्णापर्यंत. यात चमकदार असं काही नाही. १९९०च्या दशकातला संगणक आणि एक पासबुक. पण किती सरकारं आली-गेली, किती व्यवस्थापकीय संचालक बदलले, ती व्यवस्था राहिली, कारण ती माणसाच्या हुशारीऐवजी नियमांत बांधलेली होती आणि आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्मात्याला तिचा रोज फायदा होत होता. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना हीच वाट धरली.

महाराष्ट्रात साठ्याची नोंद ठेवणारं ‘ई-औषधी’ सॉफ्टवेअर आहे. तरी बाहेरून औषध लिहून देणारी चिठ्ठी आपल्या सरकारी दवाखान्यांतून गेलेली नाही. २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली, तक्रारी वाढल्या, २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. साठा शून्य झाला हे पडद्यावर दिसतं, पण निविदा काढायची कोणी, बिल वेळेत चुकवायचं कोणी, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. त्याला अधिकार असलेला माणूस लागतो आणि तो जागेवर टिकावा लागतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो तो गंभीर आहे. एकाच खुर्चीवर माणूस फार काळ बसला की संस्थान तयार होतं, कंत्राटदारांशी साटंलोटं होतं, टीका ऐकू येईनाशी होते. खरं आहे. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संगणकीकरणाचा अवाढव्य कार्यक्रम सुरू झाला, अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये तो मोडीत काढावा लागला. तिथे चूक मुदतीची नव्हती. ज्या डॉक्टर आणि परिचारिकांनी तो वापरायचा त्यांना न विचारता सगळं वरून ठरवलं गेलं. म्हणजे मुदत वाढवायची तर त्याबरोबर वापरणाऱ्यांचा अधिकार वाढवावा लागेल. पोर्टलच्या रचनेच्या समितीत कार्यरत आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, औषधनिर्माता असावेत. फोटोपुरते नकोत, ‘हा रकाना काढा’ म्हणण्याचा हक्क त्यांना असावा. एक बाळ नोंदवायला किती मिनिटं लागतात हे मोजून दर तिमाहीला जाहीर व्हावं. सरकारच्या आत पगारी, कायम नोकरीतली तंत्रज्ञांची फळी असावी. अधिकारी बदलला तरी ती बदलू नये.

शर्मांसारखा, प्रोग्रॅम लिहू शकणारा अधिकारी दर पिढीत एखादाच निघतो. त्यांच्या भरवशावर यंत्रणा चालवणं हे त्यांच्यावरही ओझं आहे. कोविनच्या वेळी ते वयाच्या पासष्टीत होते. त्या वयात अशी जबाबदारी घ्यायला दुसरं कुणी तयार केलेलं नव्हतं, याची चिंता वाटायला हवी.

केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२२ मध्ये डिजिटल मिशनला पाच वर्षांसाठी १६०० कोटी रुपये मंजूर केले. त्यापुढच्या टप्प्याचा निधी ठरवताना किती आभा क्रमांक काढणार हे विचारू नये. कोणत्या तारखेपासून आरसीएच रजिस्टर, एनसीडी ॲप आणि यू-विन यांतली दुहेरी नोंद थांबेल, आणि ती थांबवण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या, किमान किती वर्षांसाठी नेमलेल्या माणसाची, एवढं त्या मंजुरीच्या अटींत लिहून घ्यावं. महाराष्ट्राला तर केंद्राची वाट बघायचीही गरज नाही. आरोग्यसेविकेच्या कोणत्या कागदी नोंदी बंद करायच्या, हे ठरवणारा शासन निर्णय मंत्रालयातून उद्या निघू शकतो.